प्रातिनिधिक संघाची चाचणी आणि आमची मुले

श्रावण सरत आला, की नाशकातील कित्येक सुशिक्षित घरांत एक निराळीच धांदल उडते. शालेय स्पर्धांचा हंगाम तोंडावर आलेला असतो. प्रथम शाळेचा बास्केटबॉलचा संघ, मग शहराची स्पर्धा, मग धुळे, जळगाव, नंदुरबार येथील संघांबरोबर विभागाची, आणि तेथून पुढे राज्याच्या संघाची निवडचाचणी, अशी ही पायऱ्यांची वाट आहे. ज्या घरात तीन पिढ्यांत कोणी बारा सूर्यनमस्कारांच्या पलीकडे देह झिजविलेला नाही, त्या घरातील तेरा-चौदा वर्षांची कन्या एके सायंकाळी येऊन सांगते, की आपले नाव चाचणीसाठी गेले आहे. आजोबा चष्मा पुसू लागतात, आई शिकवणीचे वेळापत्रक काढून बसते, आणि वडील विचारतात, "हे सारे ठीक, पण यातून पुढे काय?"

वडिलांचा प्रश्न अनाठायी नाही, व त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहो. परंतु त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न दुसराच आहे. ह्या परीक्षेत तपासतात ते नेमके काय? सारी हयात प्रश्नपत्रिका काढण्यात व उत्तरपत्रिका तपासण्यात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास एवढे तरी निश्चित ठाऊक आहे, की परीक्षक काय पाहणार हे ज्यास उमगले नाही, त्या विद्यार्थ्याचे निम्मे परिश्रम फुकट जातात. बास्केटबॉलच्या चाचणीविषयी आमच्या मुलांचा, आणि त्यांहूनही अधिक त्यांच्या पालकांचा, जो समज आहे तो आमच्या मते मुळातच उलटा आहे.

नाशिक जिल्ह्याचे नाव क्रीडाक्षेत्रात ज्यांनी गाजविले त्यांची आठवण येथे उपयोगी पडेल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत ह्यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही ह्या अवर्षणाने गांजलेल्या गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेले, उंचीमुळे प्रशिक्षकांच्या नजरेत भरले, वल्हे मारावयास शिकले आणि २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकात एकेरी नौकानयनाच्या शर्यतीत तेरावे आले. ह्या दोघांच्याही योग्यतेचा साक्षीदार कोण, तर घड्याळ. घड्याळ गाव विचारीत नाही, शाळा विचारीत नाही, आणि त्यास काका-मामाही नसतात. अमुक अंतर अमुक वेळात काटले, एवढे लिहिले की निकाल लागला.

बास्केटबॉलची गोष्ट तशी नव्हे. तेथे सामन्यास घड्याळ आहे, खेळाडूच्या योग्यतेस नाही. तीन-चार निवडकर्ते मैदानाच्या कडेला वही घेऊन बसतात, छातीवर क्रमांक लावलेली मुले त्यांच्यापुढे खेळतात, आणि डोळ्यांना जे दिसले त्यावरून नावे ठरतात. जेथे निर्णय डोळ्यांचा, तेथे कुरकुर आलीच. यादी लागली, की मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर 'वशिला' हा शब्द निदान दहा वेळा तरी ऐकू येतो. वशिला जगात कोठेच चालत नाही असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु पुष्कळ प्रसंगी असे घडलेले असते, की पिता चेंडूकडे पाहत होता आणि निवडकर्ता भलतीकडेच पाहत होता. आपल्या मुलाने चार बास्केट केल्या व शेजारच्याने एकच केली, तरी शेजारचा घेतला, हे पित्यास अन्यायाचे वाटते. निवडकर्त्याच्या वहीत मात्र त्या चार बास्केटांखेरीज आणखी बरेच काही लिहिलेले असते.

थोडा हिशेब करून पाहू. पूर्ण सामना ४० मिनिटांचा. १० मिनिटांचे चार भाग. मैदानावर एका वेळी पाच आणि पाच मिळून दहा खेळाडू, आणि चेंडू एक. चेंडू सर्वांच्या हाती सारखा वाटला गेला असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्यास येतात ४ मिनिटे. त्यातही चेंडू हवेत असण्याचा वेळ वजा करावयाचा. म्हणजे उत्तम खेळाडूदेखील सामन्यातील सुमारे ३६ मिनिटे रिकाम्या हाताने असतो. चाचणीतला सामना फार तर दहा मिनिटांचा. तेव्हा चेंडू हाती असण्याचा काळ एका मिनिटाचा. आता आमची मुले तयारी कशाची करितात ते पाहावे. सायंकाळी एकटेच मैदानावर जावयाचे, आणि अंधार पडेपर्यंत रिंगवर चेंडू फेकीत राहावयाचे. त्या एका मिनिटाची तयारी वर्षभर चालते. उरलेल्या नऊ मिनिटांत काय करावयाचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि निवडकर्ता नेमकी ती नऊ मिनिटे पाहत असतो.

ह्या खेळाचा जन्मच मुळी असा आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे अठरा कंटाळलेले विद्यार्थी होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत व्यायामगृहात कवायतीचा वीट. त्याने सज्जाच्या कठड्यास दोन बाजूंना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले आणि तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले. कठड्याची उंची दहा फूट होती, म्हणून आजही रिंग ३.०५ मीटरवरच असते. त्या तेरा नियमांतील एक नियम साऱ्या खेळाचे बीज होय. ज्याच्या हाती चेंडू, त्याने धावावयाचे नाही. बंद खोलीत मुलांनी एकमेकांस पाडू नये एवढाच त्याचा हेतू होता. पुढे टप्पा मारीत धावण्याची मुभा आली, परंतु मूळ तत्त्व कायम राहिले. चेंडू ज्याच्या हाती तो नियमांनी जखडलेला, आणि ज्याच्या हाती नाही तो मोकळा. पाय कोठे टाकावा, किती वेळ थांबावे, कोणत्या पायावर वळावे, ही सारी बंधने चेंडूवाल्यास. इतर चौघांस सारे मैदान मोकळे. मग ते चौघे काय करितात, ह्यावरच त्या पाचव्याचे सुख-दुःख अवलंबून नाही काय?

येथे महाभारतातील द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. झाडावर पक्षी ठेवून आचार्यांनी एकेका शिष्यास विचारले, तुला काय दिसते? युधिष्ठिराने सांगितले, झाड दिसते, बंधू दिसतात, आपण दिसता, पक्षीही दिसतो; त्यास आचार्यांनी बाजूला सारले. अर्जुनास केवळ पक्ष्याचे मस्तक दिसले आणि तो उत्तीर्ण झाला. आम्ही ही कथा वर्गात असंख्य वेळा सांगितली आहे, व धनुर्विद्येपुरती ती यथार्थच आहे. परंतु बास्केटबॉलच्या चाचणीत हाच निकाल नेमका फिरवावा लागेल. ज्यास केवळ रिंग दिसते तो तेथे नापास होतो. ज्यास आपले चार सहकारी दिसतात, समोरचे पाचही दिसतात, त्यांतील कोण दमला आहे, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, कोपऱ्यात कोण मोकळा उभा आहे हे दिसते, आणि हे सारे दिसून रिंगही दिसते, तो युधिष्ठिर येथे पहिला येतो.

हे पाहावयास कसे शिकवावे, असे पालक विचारतील. खेळ येत नसलेल्या आजोबांसही करता येईल असा एक उपाय आम्ही सुचवितो. सरावाच्या सामन्यास एक वही घेऊन जावे आणि नातवाच्या बास्केटा मुळीच मोजू नयेत. आपल्या संघाच्या हातून चेंडू गेला, की तो किती वेळा मागे धावत आला आणि किती वेळा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, हे मोजावे. चेंडू रिंगवर आपटून उसळण्याच्या आधीच त्याने प्रतिस्पर्ध्यास पाठीमागे धरून जागा अडविली काय, हे टिपावे. चेंडू दुसऱ्यास दिल्यावर तो तेथेच उभा राहून आपल्या पासचे कौतुक पाहत बसला, की लगेच मोकळ्या जागेकडे निघाला, हे लिहावे. सहकाऱ्यास चुकवून प्रतिस्पर्धी आत घुसला, तेव्हा आपला गडी सोडून हा मदतीस गेला काय, तेही. चार सामन्यांत वही भरते. मग ती मुलापुढे ठेवावी. रागे भरण्याची गरज पडत नाही. आकडे पाहून तो स्वतःच खजील होतो, आणि पुढील सामन्यात मागे धावू लागतो. दूरदर्शनवर मोठा सामना लागला, तर पाच मिनिटे एकाच खेळाडूवर दृष्टी ठेवावी, चेंडू कोठेही जावो. प्रथम हे फार कठीण जाते, कारण डोळा चेंडूमागे पळतो. सवयीने जमते.

दुसरी एक उणीव विशेषतः आमच्यासारख्यांच्या घरांतील मुलांत आढळते, व तिचे मूळ आमच्याच शिस्तीत आहे. वडीलधाऱ्यांपुढे मोठ्याने बोलू नये, विचारल्यावाचून उत्तर देऊ नये, हे आम्ही मुलांस लहानपणापासून शिकवितो, आणि ते योग्यही आहे. परंतु मैदानावर गप्प राहणारा मुलगा संघाच्या दृष्टीने अर्धा आंधळा असतो. समोरून आडोसा येत आहे, डावीकडून गडी सुटला आहे, चेंडू माझा आहे, मागे मी आहे, हे मोठ्याने सांगावे लागते. सांगितले नाही तर सहकारी आपटतो. चाचणीत तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची, कारण तेथे पाचही जण एकमेकांस अपरिचित असतात. धुळ्याचा एक, जळगावचा एक, नाशकाचे दोन, नंदुरबारचा एक असा संघ जागच्या जागी करितात आणि शिटी वाजते. पहिल्याच मिनिटात परक्या मुलाचे नाव विचारून, "अरे, डावीकडे मी आहे" असे खणखणीत ओरडणारा मुलगा निवडकर्त्याच्या कानांत भरतो, मग डोळ्यांत. आम्ही ओळखीच्या एका घरी मुलीच्या आजीस हे समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आता ओरडावयाचीही शिकवणी लावावी म्हणता?" शिकवणीची गरज नाही, घरी पाट मांडताना, आंगण झाडताना बहीण-भावंडांत जो आरडाओरडा चालतो, तोच मैदानावर नेऊ द्यावा, इतकेच.

आपल्या देशी खेळांचा येथे केवढा उपयोग आहे, हेही सांगितले पाहिजे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकात बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले; अंतिम सामना उघड्यावर भर पावसात झाला, चिखलात टप्पा उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. वृद्ध नेस्मिथ त्या स्पर्धेस हजर होते. त्याच वर्षी, त्याच बर्लिनमध्ये, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची व व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली. हे दोन्ही खेळप्रकार एकाच गावी एकाच वर्षी जगापुढे आले. आमच्या शाळांत मात्र एकाचे मैदान सिमेंटचे झाले आणि दुसरा अडगळीत गेला. वास्तविक बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्यास अडविताना जी चाल लागते, म्हणजे गुडघे वाकवून, हात पसरून, पायाची अढी न घालता आडवे सरकत जाणे, ती अट्यापाट्यांत पाटी अडविणाऱ्या गड्याची चाल होय. खो मिळताच बसल्या जागेवरून सुटणे आणि खुंटाशी तोल सांभाळून वळणे, हे ज्यास येते त्यास मैदानावर दिशा बदलणे वेगळे शिकवावे लागत नाही. लंगडीने घोट्यात जे बळ येते त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. बास्केटबॉलचे मैदान दूर असेल, त्यांनी वाड्याच्या वा सोसायटीच्या आवारात आठवड्यातून दोन दिवस अट्यापाट्या खेळाव्या. मुलांस गंमत वाटेल आणि प्रशिक्षकास फरक दिसेल.

चेंडू हाती असण्याच्या त्या एका मिनिटाविषयी थोडेच सांगतो, कारण ते शिकविणारे पुष्कळ आहेत. डाव्या हाताची हेळसांड करू नये. उजव्या बाजूने सुंदर ले-अप करणारी मुले दहा असतात. डावीकडून जाण्याचा प्रसंग आला, की त्यांतील आठ जण चेंडू उजव्या हाती घेतात आणि समोरचा तो अलगद हिसकावतो. निवडकर्ते हे प्रथमच पाहून ठेवतात. आणखी एक किरकोळ वाटणारी बाब. मुलांच्या स्पर्धेतील चेंडू ७ क्रमांकाचा व मुलींचा ६ क्रमांकाचा, म्हणजे किंचित लहान व हलका असतो. घरी थोरल्या भावासाठी आणलेल्या चेंडूवर बहीण वर्षभर सराव करिते आणि चाचणीत तिचा प्रत्येक नेम लांब जातो. मामा वाढदिवसाला चेंडू आणावयास निघाले, की त्यांना क्रमांक सांगून ठेवावा.

आता उंचीविषयी. ह्या खेळात उंचीचे महत्त्व नाही असे म्हणणे म्हणजे सत्याकडे पाठ फिरविणे होय. परंतु तेरा-चौदाव्या वर्षी दिसणारी उंची फार फसवी असते. मुलींची वाढ साधारणतः बाराव्या वर्षाच्या सुमारास व मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने होते. त्या एका वर्षात मूल आठ-नऊ सेंटिमीटर वाढू शकते. कोणाची ही वाढ दोन वर्षे आधी येते, कोणाची दोन वर्षे उशिरा. त्यात वयोगटाची गणना. शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असून जन्मतारखेची मर्यादा १ जानेवारीपासून धरितात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात. अंतर अकरा महिन्यांचे. चाळिशीत अकरा महिने काहीच नव्हेत, तेराव्या वर्षी ते डोके-खांद्याचे अंतर असते. कॅनडातील हिमहॉकीच्या खेळाडूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास १९८०-९० च्या दशकात झाला, तेव्हा निवडलेल्यांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांचीच गर्दी आढळली. पुढे इतर खेळांतही तोच प्रकार दिसून आला. परमेश्वर काही जानेवारीत अधिक गुणी मुले जन्मास घालीत नाही. निवडकर्त्याच्या डोळ्यास मोठे मूल सरस दिसते, ते निवडले जाते, त्यास चांगला प्रशिक्षक व अधिक सामने मिळतात, आणि मग ते खरोखरच सरस होते.

ह्यातून दोन प्रकारचे नुकसान होते. डिसेंबरातले गुणी मूल निराश होऊन खेळ सोडते, हे एक. दुसरे कमी लक्षात येते. लवकर वाढलेल्या मुलास सर्वजण रिंगखाली उभे करितात. हात वर केला की चेंडू त्याचाच. त्यास टप्पा मारावयास, दुरून नेम धरावयास कोणी शिकवीत नाही. सतराव्या वर्षी इतर मुले त्याच्या बरोबरीस येतात, आणि मग हा मधल्या उंचीचा, हात न शिकलेला खेळाडू कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. म्हणून ज्यांचे मूल आज वर्गात सर्वांत उंच आहे, त्यांनी प्रशिक्षकास आवर्जून सांगावे, की ह्यास चेंडू खेळवावयास शिकवा. ठेंगण्या मुलास हे सांगण्याची गरज नसते. त्याचे सारे आयुष्यच टप्प्यावर असते. मग्सी बोग्स हा अवघ्या पाच फूट तीन इंच उंचीचा अमेरिकन खेळाडू तेथील सर्वश्रेष्ठ व्यावसायिक लीगमध्ये १९८७ ते २००१ अशी चौदा वर्षे खेळला, ही गोष्ट अशा मुलास सांगून ठेवावी.

मायकेल जॉर्डन ह्यांची कथा तर बहुतेक मुलांस पाठ असते, पण अर्धी. शाळेच्या संघातून त्यांना काढून टाकले होते, असे मुले सांगतात. खरी हकिकत अशी, की १९७८ साली विल्मिंग्टन येथील शाळेत पंधरा वर्षांच्या जॉर्डनला मुख्य संघात न घेता दुय्यम संघात ठेविले, आणि त्याच्या बरोबरीचा एक उंच मुलगा मुख्य संघात घेतला गेला, कारण संघास उंचीची निकड होती. मुले ह्या कथेतील अपमान तेवढा लक्षात ठेवितात. आम्हास महत्त्वाचे वाटते ते दुसरेच: दुय्यम संघात त्या मुलास वर्षभर प्रत्येक सामना खेळावयास मिळाला. मुख्य संघात तो बाकावर बसून राहिला असता. त्याच काळात त्याची उंचीही वाढली. आपल्या पाल्यास शहराच्या संघात बारावे नाव मिळून वर्षभर बाकावर बसणे, आणि एखाद्या साध्या क्लबात रोज चाळीस मिनिटे खेळणे, ह्यांत निवड करावयाची झाल्यास पालकांनी प्रतिष्ठेकडे पाहू नये.

शरीराच्या तयारीत आमच्या लोकांची रीत परीक्षेच्या अभ्यासासारखीच असते. वर्षभर स्वस्थता आणि शेवटच्या महिन्यात जागरण. चाचणीची तारीख कळली, की सकाळी दोन तास, सायंकाळी दोन तास; नाशकातील बहुतेक मैदाने सिमेंटची, त्यावर रोज शेकडो उड्या. आमच्या पाहण्यातील एक गुणी मुलगा अशा रीतीने तीन आठवडे राबला आणि चाचणीच्या दिवशी लंगडत गेला. वाढीच्या वयात गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यावर दुखणे हे अतिश्रमाचे नेहमीचे लक्षण आहे. त्यावर बाम चोळून पुन्हा मैदानावर पाठविणे हा उपाय नव्हे, विश्रांती व वैद्यकीय सल्ला हाच. मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा बरीच अधिक प्रमाणात होते, आणि ती बहुधा कोणाचा धक्का लागून नव्हे, तर उडी मारून ताठ पायावर उतरल्याने वा एकाएकी वळल्याने होते. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, आवाज न करता उतरावयास शिकविणे, आणि खेळापूर्वी पंधरा मिनिटे तोल व मांड्यांच्या बळाचे व्यायाम घेणे, ह्याने ती पुष्कळ टळते, असे अनेक देशांतील अनुभवाने सिद्ध झाले आहे. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शंकर तपश्चर्येस बसलेल्या पार्वतीची विचारपूस करितो. समिधा, दर्भ, पाणी मिळते ना, असे विचारून झाल्यावर तो विचारतो, की तप आपल्या शक्तीच्या मानाने करतेस ना? प्रशिक्षकांनी व पित्यांनी हा प्रश्न रोज विचारावा.

आहाराविषयी घरोघरी चिंता असते, ती अशी, की आपण शाकाहारी, मग बळ येणार कोठून? डब्यांतील भुकटी आणण्याची धडपड करण्यापूर्वी स्वयंपाकघरात पाहावे. दूध, दही, वरण, उसळ, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, थालीपीठ ह्यांत वाढत्या मुलास हवे ते बहुतेक मिळते. प्रश्न असतो तो वेळेचा. सहा वाजता उपाशीपोटी मैदानावर, तेथून तडक शाळेत, डबा अर्धा खाल्लेला, आणि रात्री दहाला भरपेट जेवण, ही रीत मोडली पाहिजे. मैदानावरून उतरल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जावे. आणि झोप. शिकवणी, गृहपाठ व भ्रमणध्वनी ह्या तिघांनी मिळून मुलांची झोप खाल्ली आहे. नऊ तास झोपणारा मुलगा हल्ली आळशी समजला जातो. वाढीच्या वयात त्याहून स्वस्त औषध नाही.

आता वडिलांचा प्रश्न: यातून पुढे काय? दहावी-बारावीच्या परीक्षेत नियमांनुसार क्रीडागुणांची सवलत आहे. राज्यशासनाच्या सेवेत पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत, पण त्या ठराविक दर्जाची कामगिरी असणाऱ्यांसच. हा हिशेब मांडून जो खेळावयास लावील तो बहुधा तोट्यात जाईल, कारण राज्याच्या संघात बाराच जागा असतात आणि सारा महाराष्ट्र त्यांसाठी धडपडतो. भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकात खेळला तो एकदाच, १९८० साली मॉस्कोस. तेव्हा पदकांची व नोकरीची आशा दाखवून आम्ही कोणास भुलवू इच्छीत नाही. परंतु उलट बाजूही सांगू. आमच्या परिचयातील एका घरी मुलगी विभागाच्या संघापर्यंत पोहोचली होती. दहावीचे वर्ष म्हणून जूनमध्येच तिचे बूट माळ्यावर टाकले गेले. एका वर्षापुरतेच, असे सांगितले होते. दहावीनंतर अकरावीची प्रवेशपरीक्षांची शिकवणी आली, आणि बूट तिच्या पायांस लहान झाले. थोरल्या भावाचे मात्र क्रिकेट दहावीतही आठवड्यातून तीन दिवस चालले होते, ही गोष्ट त्या घरात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मुलीच्या आली होती. दिवसाला दीड तास काढावयाचा, तर तो शिकवणीतून नव्हे, शिकवणीला जाण्या-येण्याच्या व बसून राहण्याच्या वेळांतून निघतो, असे आम्ही पुष्कळ घरी वेळापत्रक मांडून दाखविले आहे.

चाचणीच्या दिवशी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. नवे बूट त्या दिवशी प्रथम घालू नयेत. जन्मदाखला, शाळेचे प्रमाणपत्र व आधारपत्र यांच्या प्रती आदल्या रात्रीच पिशवीत ठेवाव्या. दाखल्यावरील व शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख जुळते ना, हे तर हंगामाच्या आरंभीच पाहावे, कारण ह्या एका तफावतीने चांगली मुले दारातूनच परत गेलेली आम्ही पाहिली आहेत. तास-दीड तास आधी पोहोचावे. पालकांनी जाळीबाहेर बसावे आणि गप्प बसावे. "शूट कर, शूट कर" असे ओरडणाऱ्या पित्याने आपल्या मुलाचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने केले नसेल; मुलगा पास द्यावयाचा सोडून वडिलांच्या आवाजाकडे पाहतो. चुकलेल्या नेमानंतर मुलाची मान खाली जाते की तो मागे धावतो, हे निवडकर्ते फार बारकाईने पाहतात. तेथे आईची चिंतातुर मुद्रा समोर नसलेलीच बरी.

परतताना गाडीत "किती बास्केटा केल्या?" हा प्रश्न विचारू नये. भूक लागली आहे काय, एवढे विचारावे. यादी दोन-चार दिवसांनी लागते. नाव नसेल, तर दोन दिवस मुलास त्याच्या दुःखात राहू द्यावे. लगेच मायकेल जॉर्डन सांगावयास बसू नये. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः, पालकांनी नव्हे, प्रशिक्षकांकडे जाऊन विचारावे, "सर, पुढच्या वर्षापर्यंत मी कोणत्या दोन गोष्टी सुधाराव्या?" प्रशिक्षक दोन गोष्टी सांगतात, दहा विचारल्या तर काहीच सांगत नाहीत. आणि घरी येऊन पंचांगाऐवजी जन्मदाखला पाहावा. मूल वयोगटाच्या पहिल्या वर्षात असेल, तर पुढील वर्षी तेच गटातील मोठ्यांपैकी असणार आहे. तोवर रोज सकाळी सहाला मैदान उघडते, आणि सामना व्हावयास दहा जण लागतात.